मालदीवचं घर पाहायला धुळ्याला

घर पाहिल्याशिवाय मुलगी द्यायची नाही, असं तोताराम मागच्या रविवारी ओट्यावर बसून बोलला होता. बोलताना त्याला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं. आणि आता त्याच बोलण्यापायी या रविवारी सगळं घर गावातल्या मगनच्या भाड्याच्या जीपमध्ये बसून धुळ्याला निघालं होतं.

मुलगी म्हणजे कुंदा. आणि तिला द्यायचं होतं ते कोण्या मुलाला नव्हे, मालदीवला. सावद्याच्या शाळेत ती इंग्रजी शिकवायची. दिवाळीनंतर ती मुंबईला मुलाखत देऊन आली, तेव्हा घरच्यांना वाटलं पोरगी मुंबई पाहून आली. मग एक दिवस पोस्टमन लांबलचक पाकीट देऊन गेला. समुद्रातल्या एका बेटावर दोन वर्षं इंग्रजीची शिक्षिका म्हणून तिची निवड झाली होती. मंगळवारपर्यंत तारेने होय कळवायचं होतं.

तोतारामचा धाकटा भाऊ जीवराम पहिल्याच झटक्यात नाही म्हणाला. बिनलग्नाची पोर समुद्रापलीकडे पाठवायची म्हणजे काय? त्याच्या नजरेत भुसावळचं एक रेल्वेतलं स्थळही होतं. थोरली बहीण भागाअक्का म्हणाली, जाऊ दे की, मला कोणी बोलावलं असतं तर मी आजच गेले असते. दोघांचं भांडण जुंपलं आणि शेवटी दोघंही तोतारामकडे पाहायला लागले. बाप तो होता.

तोतारामला नाही म्हणायचं नव्हतं. सुनंदाने, त्याच्या बायकोने, स्वतःच्या बांगड्या मोडून पोरीला शिकवलं होतं. नाही म्हटलं असतं तर त्याला सुनंदाच्या फोटोकडे पाहता आलं नसतं. पण होय म्हणायलाही तोंड उघडेना. सुनंदाला जाऊन वर्ष झालं होतं. संध्याकाळ झाली की त्या घरात दोनच माणसं उरायची, आणि त्यातलं एक कुंदा होती.

म्हणून तो म्हणाला, "आपल्यात घर पाहिल्याशिवाय पोर देत नाईत. आधी घर पाहू, मंग बोलू."

आता समुद्रातलं घर कोण पाहायला जाणार? तोतारामला वाटलं, बोलणं आपोआप मागे पडेल, मंगळवार निघून जाईल, आणि वाईटपणा कोणाकडेच येणार नाही.

पण त्याने अक्काला हिशेबात धरलं नव्हतं. भागाअक्काने आजवर गावातल्या निम्म्या मुलींची घरं पाहिली होती. कोणाकडे सोयरीक जमायची म्हटलं की पाच माणसांत एक अक्का असायचीच. ती विहिरीचं पाणी चाखायची, माळवदाच्या कड्या पाहायची, गोठ्यात डोकवायची, आणि शेजारणीला बाजूला घेऊन सासूचा स्वभाव विचारायची. तिने तोतारामचं बोलणं काम म्हणून अंगावर घेतलं. पारोळ्याच्या नणंदेकडे एस. टी. डी. बूथवरून फोन केला, नणंदेने कोणाला तरी विचारलं, आणि गुरुवारी अक्का ओट्यावर येऊन उभी राहिली.

"सापडला! धुयाचा पोरगा हाये. पाटीलच हाये. दोन वर्सापासून मालदीवलेच मास्तर हाये, अन् सध्या सुट्टीवर घरी आलेला हाये. निरोप धाडला मी. रविवारी घर पाहायले येतो म्हनून सांगितलं."

"अक्का, ते काही मालदीवचं घर नाही," तोताराम म्हणाला.

"मुलगा पुन्याले ऱ्हातो तव्हा आपन त्याच्या काकाचंच घर पाहतो ना? तसंच हे."

मगनची जीप तिने आधीच सांगून ठेवली होती.

*

जीपमध्ये पुढे मगनच्या बाजूला अक्का बसली होती. अंगावर ठेवणीतलं लुगडं, मांडीवर नारळ. मागे एका बाजूला दोघे भाऊ, समोर कुंदा, आणि मधे पिकलेल्या केळीचा अख्खा घड. घड जीवरामच्या मळ्यातला होता. तो येत नाही म्हणून अडून बसला होता, पण घर पाहायला जायचं आणि घरातला पुरुष मागे ठेवायचा हे त्यालाच पटलं नाही. आला तर आला, वर घडही घेऊन आला.

"मी विरोधातच हाये," त्याने नशिराबाद मागे पडल्यावर पुन्हा सांगितलं. "कोणी समजू नये की मी केळी आनली म्हनजे माझं मत बदललं."

"काका, विरोध करा, पण घडावरचा पाय काढा," कुंदा म्हणाली. "खालची फणी दबतेय."

जीवरामने पाय काढला.

जळगावात चहाला थांबले तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण टोपी घरीच विसरलो. मग चहा राहिला बाजूला. बोडक्या डोक्याने घर पाहायला गेलो तर लोक काय म्हणतील, म्हणून तो बाजारात धावला. पहिल्या दुकानात टोपी लहान, दुसऱ्यात मोठी. तिसरं दुकान रविवारचं बंद होतं, ते त्याने मालकाला घरातून हाक मारून उघडायला लावलं. परत आला तेव्हा डोक्यावर कडक इस्त्रीची पांढरी शुभ्र टोपी होती आणि चेहरा असा, की जणू तोच नवरदेवाचा मामा.

"आता कसा दिसतो?"

"विरोधात दिसतो," अक्का म्हणाली.

कुंदा खो खो हसली. तोतारामने तिच्याकडे पाहिलं. पोरगी फार दिवसांनी अशी हसत होती. केस वाऱ्याने उडत होते, डोळे चमकत होते. तिला कशाची भीती वाटतच नव्हती. एरंडोलपर्यंत ती अक्काकडून तिथे विचारायचे प्रश्न पाठ करून घेत होती. शाळा कशी, राहायची सोय कशी, बाईमाणूस एकटी राहते का. तोताराम ऐकत होता आणि मैलाचे दगड मोजत होता.

*

धुळ्याला देवपुरातलं घर शोधायला वेळ लागला नाही. दारात रांगोळी होती. ओटा धुतलेला होता. शेजारच्या दोन दारांमधून बायका डोकावत होत्या. घरमालक रूपचंद पाटील जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेला, उंच माणूस. उन्हाचे दिवस असूनही त्याने कोट घातला होता.

"बघ, किती मान ठेवतात," अक्का तोतारामच्या कानात म्हणाली. "नुस्ती माहिती विचारायले आलो तरी कोट!"

रूपचंदची बायको तानुबाई दारात आली. नवं पातळ, कपाळाला मोठं कुंकू. तिने आधी नारळाकडे पाहिलं, मग जीवरामच्या टोपीकडे, मग घडाकडे, आणि शेवटी कुंदाकडे. तिथे तिची नजर थांबली.

"या, या. बठा. बठ्ठा जन उभा काबर?" असं अहिराणीत म्हणत तिने कुंदाचा हात धरला. "तू इथं बठ बेटा, मन्हाजोडे."

रूपचंद हळूच बायकोला म्हणाला, "मुलीला सोबत आणलं?"

"केळीवाला लोके शेतस. पुढारलेला ऱ्हातस," तानुबाई तेवढ्याच हळू म्हणाली. दोघांचंही हळू बोलणं सगळ्यांना ऐकू गेलं, पण कोणाला त्यात काही खटकलं नाही. मुलीला आणलं होतं, हे खरंच होतं.

अक्काने पाणी मागितलं. पेला तोंडाला लावून घोट जिभेवर घोळवला. "नळाचं हाये का?"

"नळाचं. विहीर पण आहे मागं," रूपचंद म्हणाला.

"पाहते." अक्का उठली आणि तिने सरळ मागच्या दारापर्यंत घर पाहिलं. जाताना स्वयंपाकघरात डोकावली, वर छताकडे पाहिलं. हे मालदीवचं घर नव्हे हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण घर पाहायला आल्यावर न पाहता बसणं तिच्याच्याने होत नव्हतं. परत आली आणि तोतारामला म्हणाली, "पानी मस्त हाये."

तानुबाईने हे ऐकलं आणि ती खुशीत आली.

मग शिऱ्याच्या बशा आल्या, शेव आली. तोतारामने बशी घेतली पण चमचा उचलला नाही. घर पाहायला गेल्यावर पसंती ठरेपर्यंत मुलीच्या बापाने गोडाला हात लावायचा नसतो. त्याचा हात सवयीनेच थांबला. रूपचंदने तेही बरोबर टिपलं आणि मान हलवली. रीतीभातीची माणसं होती.

"काय नाव शे बेटा तुन्हं?" तानुबाईने सुरुवात केली.

"कुंदा."

"शिकेल कितली शे?"

"एम. ए., बी. एड. झालंय. इंग्रजीत."

"सैपाक येस का?"

कुंदाला प्रश्न रास्त वाटला. बेटावर खानावळ कुठली असणार? "येतो. एकटीपुरता तर येतोच."

"आनि जास्त मानसे उनात तर?"

"तरी येतो. पण तिथे रोज कोण येणार आहे?"

तानुबाईने नवऱ्याकडे पाहिलं. पोरगी एकटं राहायचं म्हणते की काय? पण तिने सांभाळून घेतलं. "घर सोडीसन लांब ऱ्हावानी तयारी शे ना?"

"हो, पूर्ण तयारी आहे. दोन वर्षं तरी नक्की."

"दोन वरीस?" तानुबाईचा हात हवेत राहिला. "आनि मंग?"

"मग पाहायचं. पटलं तर वाढवून घ्यायचं. नाही पटलं तर परत यायचं."

"परत?"

"सगळ्याच तसं करतात, काकू. करारच तसा असतो."

 रूपचंदने कोटाचं वरचं बटण उघडलं. जीवरामला वाटलं आता आपण बोललं पाहिजे. तो विरोधात होता, तेव्हा अवघड प्रश्न विचारणं त्याचंच काम होतं.

"हे पाहा पाटील, आपन स्पष्ट बोलू. याच्याआधी तिथं कोनी बाई होती का?"

"बाई?" रूपचंद म्हणाला. "कुठली बाई?"

"आधीची. तिले का काढून टाकलं, की ती स्वतःच निंघून गेली, हे माहीत पाह्यजे का नको? आमची पोर तिच्या जागेवर जानार."

"अहो काय बोलता तुम्ही!" रूपचंद उभाच राहिला. "आमच्याकडे आधी कोणी नव्हती! पोरगा सरळ आहे आमचा!"

"आता तुमचा पोरगा सरळ असंल, पन तिथले लोक?"

"तिथे कोण आहेत? आम्ही दोघंच तर आहोत!"

"दोघंच?" अक्का म्हणाली. "अन् शाया कोन चालवतं?"

नेमका तेव्हा त्यांचा मुलगा अभिमन आतून बाहेर आला. काळाभोर रापलेला, अंगावर इस्त्रीचा शर्ट, हातात पाण्याचा तांब्या. पाहुणे येणार एवढंच त्याला माहीत होतं. त्याला पाहताच कुंदा सरसावून बसली. सकाळपासून ती याच क्षणाची वाट पाहत होती.

"तुम्ही कुठल्या बेटावर आहात? वर्गात मुलं किती असतात? त्यांना आधी थोडं तरी इंग्रजी येतं, की पहिल्यापासून सुरुवात करावी लागते? आणि जनरेटर किती वाजता बंद करतात?"

अभिमनने तांब्या खाली ठेवला. आईच्या नव्या पातळाकडे पाहिलं, वडिलांच्या कोटाकडे पाहिलं, नारळाकडे पाहिलं, दारातल्या शेजारणींकडे पाहिलं. तो शहाणा माणूस होता.

"आई," तो म्हणाला, "हे लोक माझ्यासाठी आलेले नाहीत. यांची मुलगी मालदीवला नोकरीला जातेय. ते चौकशीला आलेत."

 बाहेर एक रिक्षा गेली तिचा आवाज तेवढा ऐकू आला.

मग अक्काच्या पोटातून काहीतरी निघालं. ते आधी खोकल्यासारखं वाटलं, पण ते हसू होतं. "अरे माय! म्हनजे यायनं आपल्याले... अन् मी पानी चाखलं! मी यायच्या घराचं छत पाहून आली!"

"आणि मी कोट घातला," रूपचंद म्हणाला, आणि तोही फुटला.

"मी विचारलं आधीची बाई कुठं गेली म्हनून!" जीवरामने टोपी काढून तोंडावर धरली.

तानुबाई एवढी लाजली की तिने पदर तोंडात कोंबला. "मी ते बठ्ठी गल्लीले सांगी टाकं! आते काय तोंड दखाडू?" आणि दारातल्या शेजारणीही हसायला लागल्या, कारण त्यांना सगळं ऐकू येत होतं.

तोतारामला आधी नुसतं गुदगुल्यासारखं झालं. मग त्याला आठवलं की कुंदाने "नाही पटलं तर परत यायचं" म्हटल्यावर तानुबाईचा हात कसा हवेत राहिला होता, आणि त्याच्या हातातली शिऱ्याची बशी डळमळायला लागली. तो हसायला लागला आणि त्याला थांबता येईना. डोळ्यांतून पाणी आलं. कुंदाने त्याच्या हातातली बशी काढून घेतली. वर्षभरात त्याला कोणी असं हसताना पाहिलं नव्हतं, त्याने स्वतःही नाही. बरगड्या दुखायला लागल्या. सुनंदा असती तर ती सगळ्यांत मोठ्याने हसली असती, हा विचार मनात आला, आणि नवल म्हणजे त्याने हसू थांबलं नाही, उलट वाढलं.

*

हसून झाल्यावर घर मोकळं झालं. रूपचंदने कोट खुंटीला टांगला. केळ्यांचा घड मधे ठेवला आणि सगळ्यांनी केळी खायला घेतली. अभिमनने सगळं नीट सांगितलं. त्याचं बेट केवढं, तर सकाळी फिरायला निघालं की चहा उकळायच्या आत माणूस निघाला तिथे परत येतो.

"एवढंसं?" जीवराम म्हणाला. "म्हनजे आपल्या खालच्या मयाएवढं? अन् शेती?"

"शेती नाही काका. नारळ आणि मासे. वाळूच आहे सगळी."

"वांगी?" अक्काने विचारलं. "भरीत कशाचं करता?"

"जहाजाने आली तर. मी मागच्या वर्षी एकदा वांगं भाजलं, तर शेजारची माणसं आग लागली म्हणून बादल्या घेऊन आली."

पुन्हा हसणं झालं. शाळेत मुली मुलांपेक्षा जास्त शिकतात, म्हणाला. बायका एकट्या राहतात, मुख्याध्यापकाच्या घराशेजारी खोली देतात, दार उघडं टाकून झोपलं तरी कोणी विचारत नाही. कुंदा एकामागून एक विचारत होती आणि तो सांगत होता. मधेच दोघं इंग्रजीत गेले. वर्गात मुलांना बोलतं कसं करायचं यावर त्यांचं चक्क वाजलं. कुंदा हात हलवून त्याला काहीतरी चूक आहे म्हणून सांगत होती, तो मान्य करत नव्हता. तोतारामला एक शब्द कळत नव्हता, पण आपली पोर जिंकतेय एवढं दिसत होतं.

अक्काने जीवरामला कोपराने ढोसलं. "पोरगा चांगला हाये रे."

"मी तेच पाहतोय," जीवराम म्हणाला. सकाळपासून पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं. जीवराम तोतारामकडे सरकला. "भाऊ, आता आलोच हाये तर बोलून टाकू. आधी लगीन लावू, मंग दोघं जोडीनं जातीन. मी विरोध मागं घेतो. भुसावयवाल्याले नाही सांगू."

तानुबाईने कान टवकारले होतेच. "मी ते कव्हयशीनी हेच म्हनी ऱ्हायनू!"

एका क्षणात सगळे एका बाजूला झाले. अक्का, जीवराम, तानुबाई, आणि कोट काढलेला रूपचंदसुद्धा. अभिमन खाली पाहायला लागला. कुंदा सरळ बसली.

"काका, मी कोणाच्या मागे जाणार नाहीये," ती म्हणाली. "मला बोलावलंय. माझ्या नावाने. यांचं बेट वेगळं, माझं वेगळं. मधे बोटीने एक दिवस लागतो."

"खरंय," अभिमन म्हणाला. त्याचा आवाज जरा सुटकेचा होता.

"अगं पन—" अक्का सुरू झाली.

"नाना," कुंदा म्हणाली. ती बापाकडे वळली होती. आवाज खाली आला होता. "तुम्हाला वाटलं होतं घर दिसणारच नाही. म्हणून तसं म्हणालात ना?"

तोतारामला खोटं बोलता येत असतं तर तो ते मागच्या रविवारीच बोलला असता. "हो," तो म्हणाला.

"मग मी मंगळवारी तार करू, की नको?"

सगळे त्याच्याकडे पाहायला लागले. तोताराम मात्र रूपचंदकडे वळला. बेटाबद्दल त्याला काही विचारायचं नव्हतं. विचारायचं होतं ते दुसरंच.

"पाटील, पोरगा गेला तव्हा संध्याकाळी तुम्ही काय करायचे?"

रूपचंदने मागच्या दाराकडे पाहिलं. "त्याची सायकल आहे मागं," तो म्हणाला. "मी रोज तिच्यात हवा भरायचो. चालवणारं कोणी नव्हतं. पण संध्याकाळ झाली की पंप काढायचो."

"मी रोज त्याना नावनी भाकर करू," तानुबाई म्हणाली. "मंग कुत्राले टाकू. कुत्रं जाडं व्हई गयं."

"आणि मग?"

"मग काय," रूपचंद म्हणाला. "एक दिवस मीच सायकलवर बसलो. हवा भरलेलीच होती. आता रोज नदीपर्यंत जाऊन येतो."

 तोतारामला सावद्याचा ओटा दिसत होता, दिवा लागायची वेळ, आणि आत कोणी नाही. ते चित्र वर्षभर त्याच्या छातीवर बसलं होतं. आता पाहिलं तर ते तिथेच होतं, पण त्याचं वजन पहिल्याएवढं राहिलं नव्हतं.

जीवरामला गप्प बसवेना. "भाऊ, उगीच हट्ट नको. तू एकटा पडशील. भुसावयले दिली तर पोर जवळ तरी ऱ्हाईन. सणाले येईन."

"सणाला येईल," तोताराम म्हणाला. "पाहुनी म्हनून. पिशवी घेऊन येईल अन् तिसऱ्या दिवशी सासरचा माणूस घ्यायला येईल." तो अभिमनकडे वळला. "तुम्ही सुट्टीवर कोणाकडे आले?"

"म्हणजे? घरी."

"अन् करार संपल्यावर?"

"घरीच."

"इथंच?"

"दुसरीकडे कुठे जाणार काका? तिकीट तेच काढून देतात. जायचं पण आणि यायचं पण."

तोतारामने बाजूला ठेवलेली शिऱ्याची बशी उचलली. शिरा पार थंड झाला होता. त्याने सगळ्यांसमोर एक चमचा तोंडात घातला, नीट चावला, गिळला. मग घर पाहायला आलेला मुलीचा बाप ज्या आवाजात म्हणतो, त्याच आवाजात तो म्हणाला, "मुलगी दिली."

तानुबाईने टाळीच वाजवली.

"मालदीवला दिली," तोताराम म्हणाला.

"तोता!" अक्का ओरडली. "अरे, दिलेली पोर कोनी परत देतं का? दोन वर्सांनी तू काय मागायले जाशीन तिथं?"

"मागायचं कामच नाही, अक्का. आपल्या सात पिढ्यांत अशी सोयरीक कोनी केली नाही. पोर घेऊन जातात, मान देतात, अन् मंग तिकीट काढून परत माझ्याच घरी आणून सोडतात. भुसावळवाला देतो का लिहून?"

रूपचंद गडगडून हसला.  जीवरामने घडाचं एक केळं तोडलं आणि सोलायला घेतलं. "मी याच्याविरोधात होतो, एवढं ध्यानात ठेवा," तो तोंडातल्या तोंडात म्हणाला.

कुंदा उठून बापाच्या पाया पडायला वाकली. ती रडत होती की हसत होती ते तिलाही सांगता आलं नसतं. तोतारामने तिच्या डोक्यावर हात ठेवला. 

"आता ऊठ," तो म्हणाला. "रविवारी तार ऑफिस लवकर बंद होतं."